उचल श्रावणात, ताळेबंद दिवाळीत

आमच्या गावात ऊसतोडीची उचल, म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून तोडणीआधी मिळणारी आगाऊ रक्कम, श्रावणात घेतली जाते आणि पाण्याचा ताळेबंद मांडला जातो दिवाळीच्या तोंडावर. गावात कोण राहणार आणि कारखान्याला कोण जाणार याचा निकाल आधी लागतो. शिवारात पाणी किती, त्यावर किती घरं तगतील, हा हिशोब नंतर होतो. हे दोन्ही एकाच महिन्यात यावं म्हणून आम्ही काही जणी खटपट करतो आहोत. त्यात काय करावं लागलं, कुठं अडलं, ते सविस्तर लिहिते. बीड जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांची हीच गत आहे.

गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या माथ्यावर. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते, पण उगमाकडच्या गावांना तिचा उपयोग थोडाच. पाणी इथून निघून जातं, थांबत नाही. जमीन मुरमाड, हात-दोन हात खोदलं की काळा पाषाण लागतो. या खडकात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. तो थर भरला की पुढचा सगळा पाऊस ओढ्याला. म्हणून आमच्याकडं पाऊस एकूण किती झाला यापेक्षा तो कसा झाला, हे बघावं लागतं. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास धरतात. तेवढा पाऊस चार महिने थांबून थांबून पडला तर विहिरींना फाल्गुनापर्यंत पाणी राहतं. तोच आठ-दहा दिवसांत कोसळला तर संक्रांतीलाच मोटार गाळ ओढायला लागते. कागदावर दोन्ही वर्षं सारखीच दिसतात.

लग्नानंतर काही वर्षं मी आणि घरचे कोयता होऊन, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं म्हणून, जात होतो, कधी कोल्हापूरकडं, कधी निपाणीच्या पट्ट्यात. सासूबाई गेल्यावर लेकरांना सांभाळायला घरी कुणी उरलं नाही, तेव्हा मी मागं राहिले. पुढं बचत गट झाला, ग्रामपंचायतीत निवडून आले, आणि गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरात, आलं तेव्हा गावच्या समितीत नाव लागलं. ताळेबंदाचं काम मी तिथं शिकले.

सुरुवात शिवारफेरीनं झाली. कृषी सहाय्यक आणि आम्ही समितीचे लोक बांधाबांधानं फिरलो. नालाबांध किती, त्यातले गाळानं भरलेले किती, पाझर तलावाचा सांडवा धड आहे का, विहिरी किती, बोअर किती. बोअरचा आकडा कुणी खरा सांगत नाही. भूजलाच्या २००९ च्या कायद्यात साठ मीटरच्या खाली विंधन विहीर घ्यायला अटकाव आहे, आणि आमच्याकडं पाचशे-सहाशे फुटांवर गेलेल्या बोअर आहेत, त्यामुळं माणसं विषय टाळतात. हे काम गटातल्या बायकांनी सोपं केलं. कुणाच्या घरी बोअरच्या कर्जाचा हप्ता चालू आहे हे बचत गटाला पक्कं ठाऊक असतं.

मग विहिरींची पातळी. दोरीला दगड बांधून आम्ही ती मोजली, पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा. पिकांच्या नोंदी ई-पीक पाहणीतून घेतल्या, आणि त्या प्रत्यक्षाशी जुळत नव्हत्या तिथं पुन्हा वावरात जाऊन बघितलं. पावसाचा आकडा हा सगळ्यात वादाचा विषय निघाला. मंडळाचं हवामान केंद्र आमच्यापासून डोंगराच्या पलीकडं आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, पण तो पाऊस मंडळाच्या यंत्रात पडलेला असावा लागतो. तिकडं धो धो आणि इकडं नुसती भुरभुर, किंवा उलट, असं दर वर्षी होतं. म्हणून शाळेच्या पटांगणात साधं पर्जन्यमापक बसवलं. रोज सकाळी साडेआठला सातवीच्या मुली पाणी मोजून वहीत लिहितात. ती वही कुठल्या कार्यालयात चालत नाही. आम्हाला मात्र तिचाच आधार आहे.

एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. ६८० मिलिमीटर झाला तर एका हेक्टरावर ६८ लाख लिटर पडतं. ऐकून बायका म्हणाल्या, "मग कमी कुठं पडतंय?" पण यातलं बरंचसं उन्हानं उडतं, बरंचसं ओढ्यानं जातं, आणि आपल्या वाट्याला येतं ते मातीच्या ओलीत आणि विहिरीत मुरलेलं. खर्चाची बाजू त्याहून डोळे उघडणारी होती. माणशी रोज ५५ लिटर धरलं तर एका माणसाला वर्षाला वीस हजार लिटर लागतं. एका हेक्टर उसाला वर्षाला साधारण दोन कोटी लिटर. म्हणजे हजार माणसांचं वर्षाचं पाणी एका हेक्टर उसात जातं. तूर किंवा हरभरा फुलोऱ्यात असताना पाऊस दडी मारतो तेव्हा एका हेक्टराला साधारण पाच लाख लिटरची एक पाळी मिळाली तरी पीक हाताला लागतं. त्या दोन कोटींत अशी चाळीस हेक्टरांची एक पाळी निघते. आमच्या पाझर तलावाच्या खाली ऊस फार नाही, पण आहे. गावाचं पाणी त्या उसाला, आणि गावाची माणसं परमुलखातला ऊस तोडायला, हे भिंतीवरच्या तक्त्यात एका ओळीखाली एक दिसलं तेव्हा बैठकीत कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. तलावाखालचे ऊसवाले शेतकरी समोरच बसले होते. ते वाईट माणसं नाहीत. उसाला हमखास दर मिळतो, तुरीला मिळत नाही, हे त्यांचं म्हणणंही खरं आहे.

हे झालं २०२३ साली. त्या वर्षी श्रावण दोन होते, अधिक आणि निज, आणि दोन्ही कोरडे गेले. देशात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. जुलैत पेरण्या साधल्या होत्या, सोयाबीन फुलावर आलं आणि आभाळ बंद झालं. २१ दिवसांच्या खंडाच्या नियमानं विम्याची २५ टक्के आगाऊ रक्कम द्यायचे आदेश पुढं निघाले. एक रुपयात विमा होता म्हणून बऱ्याच जणांनी तो उतरवलाही होता. पण ती रक्कम येईपर्यंत मुकादमाची मोटारसायकल तीनदा गल्लीत येऊन गेली होती. शेंगा भरल्या नाहीत हे पोळ्याला कळलं आणि पोळ्याच्याच आठवड्यात घरोघरी उचल उचलली गेली. नेहमी गावात राहणारी काही घरंही त्या वर्षी कोयत्यात गेली.

ताळेबंदाची बैठक ठरली ती खरिपाचं पाणी मोजून रब्बीचं नियोजन करायला, म्हणजे दसऱ्यानंतर. तोवर टोळ्या निघायला लागल्या होत्या. आम्ही तक्ता लावला, हरभरा किती, ज्वारी किती, पाणी कुणाला किती हे ठरवलं, आणि हात वर करून मंजूरही केलं. समोर म्हातारी माणसं, विहीरवाले आणि आम्ही काही बायका. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय असं आम्ही म्हणत होतो, त्यांच्या घरांना कुलपं लागत होती. गावविकास आराखड्याचंही तेच. तो करायची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळाभर चालते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला आमचं अर्धं गाव उसाच्या फडात असतं. गाव टिकवायची प्रत्येक योजना जाणारे निघून गेल्यावर मंजूर होते. यात कुणाचा डाव आहे असं मला वाटत नाही. कॅलेंडर मुंबई-दिल्लीत ठरतं आणि तिथं कोयत्याचा हंगाम माहीत नाही.

जानेवारीत आम्ही तिघी आणि समितीतले एक आबा कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळकडं निघालो. आमच्या गावच्या दोन टोळ्या तिकडं होत्या. तक्ता गुंडाळून सोबत घेतला होता. बैठक घेणं किती अवघड आहे हे मला तरी ठाऊक होतं, पण आबांना नव्हतं. पहाटे तीन-चारला बाया उठतात, भाकरी थापून फडावर जातात, दिवसभर तोडणी आणि मोळ्या बांधणी, आणि संध्याकाळी ट्रक येईल तेव्हा मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढून भरणी. ट्रक कधी येईल याचा नेम नाही. बसलेली बैठक हॉर्न वाजला की मोडायची. शेवटी कोप्यांच्या, म्हणजे टोळीच्या झोपड्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेत, बॅटरीच्या उजेडात, तक्ता एका टायरगाडीला टांगून आम्ही बोललो.

पहिली बोलली ती माझ्या नात्यातली जाऊ. तिची दोन एकर कोरडवाहू. ती म्हणाली, "बाई, ह्यो कागद हिरवाल्यांचा हाय. आमाला हीर न्हाई, मंग आमचं पानी कोन्त्या रकान्यात लिव्हलंय?" खरंच, आमच्या तक्त्यात विहिरी होत्या, पिकं होती, जनावरंसुद्धा होती; पाणी नसलेली शेती आणि शेतीच नसलेलं घर यांना रकाना नव्हता. प्रकल्पाच्या नमुन्यातच तो नाही. दुसरं एका तरुण गड्यानं मांडलं. रोजगार हमीची मजुरी काम झाल्यावर, हजेरीपत्रक वर गेल्यावर, कधी तरी खात्यात येते. उचल कामाच्या दोन-तीन महिने आधी हातात पडते. दवाखाना, लग्न, खताचं बिल यातलं काहीही तोवर थांबत नाही. पुढं एप्रिलपासून रोहयोचा दर २९७ रुपये झाला, तरी हा प्रश्न दराचा नव्हताच.

तिसरी गोष्ट मला नव्यानं उमगली. मी समजत होते की आमच्याकडं दुष्काळ पडतो म्हणून माणसं जातात, तिकडं काम ठरलेलं असतं. आता तिकडचंही ठरलेलं राहिलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीत महापूर आला, उभा ऊस पाण्याखाली कुजला आणि त्या हंगामात तोड कमी पडली. २०२१-२२ ला उलट झालं: ऊस इतका झाला की मराठवाड्यातले कारखाने जूनपर्यंत चालले आणि लोकांनी मे महिन्याच्या उन्हात कोयता चालवला. मध्येच अवकाळी आला की फडात चिखल होतो, वाहन आत जात नाही, तोड बंद. बंद दिवसाची मजुरी नाही, खाणं मात्र चालू. हंगाम आखडला की उचल फिटत नाही, आणि न फिटलेली बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत जमा होते. इकडं पावसानं मारलं म्हणून घेतलेलं कर्ज तिकडं पावसानंच फिटू दिलं नाही. त्याच जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती फार मोठी गोष्ट होती आणि भांडून मिळालेली होती. पण दर टनावर असतो. तोड बंद असेल तर वाढीव दर कशावर लावणार?

बायांशी वेगळं बोलायला मी एक पहाट मागं थांबले. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली होती, ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तो आकडा वर्तमानपत्रात आला तेव्हा राज्य हादरलं. आमच्या टोळीतल्या कुणाला त्यात नवल वाटलं नव्हतं. पाणी टँकरचं किंवा पाटाचं, आडोसा उसाचा, आणि एक दिवस रजा घेतली की खाडा, म्हणजे वर दंड. पाण्याच्या ताळेबंदात हेही यायला हवं असं मला तिथं फार तीव्रतेनं वाटलं. पाण्याविना गाव सोडलेल्या बाईला पुढं गेल्यावरही पाणीच मिळत नाही.

परत आल्यावर आम्ही क्रम उलटा केला. २०२४ च्या आषाढातच गटातल्या बायका घरोघर गेल्या. एक पानाचा कागद केला. "यंदा जाणार का?" हा प्रश्न मुद्दाम ठेवला नाही, कारण त्याला सगळे "बघू" म्हणतात. विचारलं ते असं: श्रावण ते दिवाळी किती रुपये कमी पडतात, कशासाठी, आणि मागची बाकी किती. शेजारी कुणाची विहीर आहे, तिच्याशी बोलणं आहे का, हेही. या शेवटच्या प्रश्नानं सगळ्यात जास्त काम केलं. कुणाची बाकी मोठी असेल तर त्या घराला आम्ही काही करू शकत नव्हतो, ते स्पष्ट सांगितलं. पण बरीच घरं अशी निघाली की त्यांची नड छोटी होती आणि ती भागवायला दुसरं दारच नव्हतं. त्यांना गटातून कर्ज दिलं, मुकादमाच्या आधी. विहीरवाल्यांशी पाण्याच्या बदल्यात पिकाचा चौथा वाटा असा करार केला. हा करार आमच्याकडं आजा-पणजापासून आहे; आम्ही फक्त तो पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत, सगळे गावात असताना, कागदावर आणला. एका शेतकऱ्यानं तलावाखालचा खोडव्याचा ऊस मोडून तुषार संच लावला आणि हरभरा केला. रुंद सरी-वरंब्यावर सोयाबीन पेरलेल्यांच्या वावरात सप्टेंबरचं पाणी तुंबलं नाही. त्या वर्षी पाऊसही बरा होता, त्याचं श्रेय आमचं नाही. काही कोयते थांबले. काही घरांतून दोघांऐवजी एकटा गडी अर्धा कोयता म्हणून गेला, आणि बाई-लेकरं गावात राहिली. माझ्या जावेनं हरभरा केला.

मग २०२५ चा सप्टेंबर. सिंदफणा, सीना, मांजरा, गोदावरी, सगळ्या नद्या एकाच वेळी पात्राबाहेर आल्या. आम्ही माथ्यावरचे, आम्हाला नदीचा पूर नाही. आमच्याकडं जमीन खरडून गेली. हातभर मातीच होती, तीही गेली आणि खालचा पाषाण उघडा पडला. चौथ्या वाट्यानं पाणी देणारी विहीर गाळानं बुजली. सरकारनं खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखांपर्यंत रोजगार हमीतून, बुजलेल्या विहिरीला ३० हजार असं जाहीर केलं. ज्याला जमीन नाही त्याचं काही खरडलं नाही असं यात धरलेलं असतं. त्याची खुरपणी-काढणीची मजुरी बुडाली, तिचा पंचनामा होत नाही. जाऊ त्या दिवाळीला पुन्हा कारखान्याला गेली. जाताना तिनं घराची किल्ली माझ्याकडं दिली आणि विहिरीतला गाळ निघाला की फोन कर म्हणाली.

आता समितीत दोन ताळेबंद आहेत. एक पाणी कमी पडलं तर, दुसरा जास्त पडलं तर. दुसऱ्यात पिकं नाहीत, वाटा आहेत: ओढा कुठं अडतो, सांडव्याची रुंदी पुरते का, कोणत्या उतारावर बांधाला दगडी तोंड हवं, माती कुणाच्या वावरातून कुणाच्या वावरात जाते. पर्जन्यमापकाच्या वहीतल्या नोंदींवरून आम्ही एका दिवसात पडलेला सगळ्यात मोठा पाऊस काढला आणि सांडव्याची मागणी त्यावर केली. जुन्या सरासरीवर बांधलेली कामं आता उपयोगाची नाहीत हे अभियंत्यांनी शिवारात येऊन बघितलं आणि मान्यही केलं.

पंचायत समितीला आम्ही तीन मागण्यांचं निवेदन दिलं आहे. ऊसतोडीच्या गावांत आराखड्याची ग्रामसभा श्रावणात घ्यावी. गाळ काढण्याची आणि बांधबंदिस्तीची कामं आधी मंजूर करून दसऱ्याच्या आठवड्यातच सुरू करावीत, आणि पहिल्या पंधरवड्याची मजुरी गटामार्फत आगाऊ द्यायची काही सोय व्हावी. आणि ताळेबंदाच्या नमुन्यात बिनविहिरीच्या आणि बिनशेतीच्या घरांसाठी रकाना असावा. पहिली मागणी मान्य होईल असं दिसतंय, तिला पैसे लागत नाहीत. दुसरीला नियमात बसत नाही असं तोंडी उत्तर आलं आहे. लेखी मागितलं आहे. तिसऱ्याची वाट न बघता आम्ही आमच्या तक्त्यात तो रकाना स्वतःच आखला. विहिरीतला गाळ अर्धा निघालाय. उरलेला पाऊस लागायच्या आधी काढायचा आहे, आणि आषाढात एक पानाचा कागद घेऊन पुन्हा गल्ल्यांतून फिरायचं आहे.